निरोगी बाराजणी

जे दुखणे अद्याप दुखू लागलेले नाही, ते ज्याच्या दृष्टीस पडते त्याच्या वाट्याला एक अवघड कर्तव्य येते. सांगावे, तर एखाद्या धडधाकट जिवाच्या मनात विनाकारण भय पेरले जाण्याचा संभव. न सांगावे, तर तो जीव हसतखेळत घरी जातो आणि पुढे त्याचे काय झाले ते केवळ ऐकणे आपल्या हाती उरते. पूर्वीच्या वैद्यांना हा पेच ठाऊक नव्हता. रोगी त्यांच्या दारी कण्हत येई, आणि त्या कण्हण्याचा माग काढीत वैद्य रोगापर्यंत पोहोचे. ज्या काळाची ही कथा आहे त्या काळात मात्र माणसाला शरीराच्या आत पाहण्याचे असे सामर्थ्य प्राप्त झाले होते, की कण्हणे सुरू होण्याच्या कितीतरी आधी रोग दिसावा. जे दिसले ते सत्य की भास, हे ठरवण्याचा भार मात्र पूर्वीप्रमाणेच माणसाच्या विवेकावर राहिला होता.

माघातल्या एका गुरुवारी मिरजेच्या आरोग्यदर्शन संशोधन संस्थेत सकाळपासून गलबला होता. तासगावकडच्या एका गावातून बाराजणी आल्या होत्या. साऱ्या बेदाण्याच्या शेडवर मणी निवडणाऱ्या. सोमवारपासून हंगाम सुरू व्हायचा होता आणि एकदा तो सुरू झाला की तीन महिने मान वर करायला सवड नाही. म्हणून त्यांच्या मुकादम आक्काताई चौगुले यांनी सगळ्यांना एकाच गाडीत घालून आणले होते. साठीच्या आक्काताई गाडीतून उतरल्या त्या आपल्या घरचे कार्य असावे अशा थाटात.

"गळ्यातलं तेवढं काढून ठेवा, मावशी. बांगड्या असू द्या," दंडात सुई देणारी तंत्रज्ञ रुबीना मुजावर सांगत होती.

"सुई टोचली की आत दिवा लागतोय म्हणं?" एकीने विचारले.

"लागू दे की," आक्काताई म्हणाल्या. "गावात लाइट गेली की तुला चौकात बशीवू."

हशा पिकला. सातव्या क्रमांकाची प्रणाली खोत सर्वांत मोठ्याने हसली आणि हसता हसता जिन्याच्या कठड्याला धरून क्षणभर थांबली. बत्तीस वर्षांची, उंच, चपळ बाई. "काल दिसभर रानात तण काढत, भांगलत हुते, पाय भरून आल्यात," असे म्हणत ती पुन्हा पायऱ्या चढू लागली.

त्या काळी जिल्ह्याजिल्ह्याच्या इस्पितळांत कपाटाएवढे सायक्लोट्रॉन बसले होते. पहाटे दूध यावे तसे ताजे किरणोत्सारी द्रव्य तळघरातल्या या यंत्रातून वर येई आणि एकशे दहा मिनिटांत अर्धे निवून जाई. दुसऱ्या दिवशी शरीरात त्याचा मागमूस राहत नसे. सर्वांगदर्शक नावाचे यंत्र मस्तकापासून पावलांपर्यंतचे चित्र दीड मिनिटात घेई. ही साधने आता कुणाला नवलाची वाटत नसत. नवे होते ते सुईतले द्रव्य. त्याचे नाव दाहिका.

शरीरात कोठे जखम झाली, जंतू शिरला, वा काही बिनसले, की रक्तातल्या भक्षकपेशी तेथे धावतात. कामाला लागलेली भक्षकपेशी आपल्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन धारण करते. रिकाम्या पेशीजवळ ते नसते. दाहिकेचा रेणू त्या प्रथिनालाच जाऊन बिलगे. रेणूच्या शेपटीला किरणोत्सारी फ्लोरिनचा एक अणू बांधलेला असे, आणि तोच बाहेरच्या यंत्राला जागा दाखवी. जेथे दाह, तेथे प्रकाश. अशा वाट दाखवणाऱ्या द्रव्यांना शास्त्रात अनुरेखक म्हणतात. प्राण्यांवर दाहिकेची परीक्षा झाली होती. माणसांवरची ही पहिली, आणि तिचा नियम सरळ होता: प्रथम निरोगी शरीरात पाहायचे. द्रव्य बाहेर टाकणारे यकृत, मूत्रपिंडे व मूत्राशय एवढेच दिसावेत; बाकी सर्वत्र अंधार असावा. निरोगी देहात जे अनुरेखक भलतीकडे उजळते, त्याच्यावर रोग्याच्या बाबतीत विश्वास कसा ठेवायचा?

डॉ. वत्सला हुपरीकर यांनी हा रेणू घडवण्यात नऊ वर्षे घातली होती. आधीचे सोळा रेणू फसले होते, हा सतरावा. अकरा वाजता त्या वाचनकक्षात बाराही चित्रे समोर घेऊन बसल्या. चित्रांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. पाहणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह नको म्हणून तशी शिस्त होती. निळ्या-काळ्या देहाकृती ओळीने उभ्या होत्या.

आणि त्यांपैकी दहाजणींच्या मुखात नारिंगी ज्वाळा होती.

वत्सलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिसरी आणि अकरावी या दोघींचे तोंड अंधारात होते. उरलेल्या दहाजणींच्या जबड्यांवर कमानीसारखी प्रकाशाची रेघ होती, कुठे ठळक, कुठे फिकी. चित्रे वाचणाऱ्या 'परीक्षक' नामक संगणकीय प्रज्ञेने आपला निर्णय केव्हाच लिहून ठेवला होता: अनुरेखक शरीरात तुटते आहे. शेपटीचा फ्लोरिन सुटा होऊन दातांच्या हाडात जाऊन बसतो आहे. संभाव्यता शंभरात चौऱ्याण्णव.

संचालक डॉ. भालचंद्र इंगवले दारात येऊन उभे राहिले. वयाने ते दहा वर्षांनी लहान, आणि वत्सलाबाईंविषयी त्यांना मनापासून आदर होता. म्हणूनच त्यांना बोलायला जड जात असावे.

"ताई, पाहिलंत?"

"पाहते आहे. इंगवले, फ्लोरिन सुटा झाला असता तर मणकेही उजळले असते. गुडघे उजळले असते. ते बघा, सगळे काळेठिक्कर आहेत."

"परीक्षकाला मी तेच विचारलं. तो म्हणतो, थोडाच सुटला असेल तर जबड्यात आधी दिसेल. तिथल्या हाडाची उलाढाल जास्त. आणि ज्या दोघींत नाही दिसला, त्यांच्यात रेणू तोडणारं विकर कमी असेल."

"आणि हिरड्यांना खराच दाह असेल तर?"

"दहाजणींना एकदम? अर्ज पाहा ना. तंबाखू नाही, गुटखा नाही, विडी नाही. हिरड्यांतून रक्त नाही. बाराजणींनी एकमुखाने लिहिलं आहे." ते खुर्चीत बसले. "तीन वाजता या परीक्षेवर देखरेख करणारी समिती बसते आहे. मला अहवाल द्यावा लागेल."

वत्सलाबाईंनी सातवे चित्र मोठे केले. हृदयाच्या डाव्या कप्प्यांच्या मधोमध, झडपेच्या काठाशी, मोहरीएवढा एक ठिपका तेजाने पेटला होता. जबड्यावरच्या रेघेपेक्षा कितीतरी प्रखर.

इंगवले पुढे वाकले. "हा केव्हापासून?"

"मघापासून मी यालाच पाहते आहे. झडपेवर जंतूंनी घर केलं असावं. आत्ता मोहरीएवढंच आहे. महिन्याभरात झडप कुरतडली जाईल. तुकडा सुटून मेंदूत गेला तर..."

"निवडीच्या वेळी ध्वनिलहरींनी हृदय तपासलं होतं. स्वच्छ होतं."

"इतकं लहान तिथे दिसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तर दाहिका बनवली."

इंगवल्यांनी दीर्घ श्वास घेतला. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका अनुरेखकाच्या परीक्षेत असाच एक ठिपका दिसला होता. एका शाळामास्तरांना उत्साहाच्या भरात तो सांगितला गेला; त्यांनी घाबरून दुसरीकडे जाऊन पोट फाडून घेतले; आत काहीच नव्हते, आणि जखम चिघळून तो निरोगी माणूस वर्षभर अंथरुणाला खिळला. तेव्हापासून संस्थेने नियम केला होता की अनुरेखक विश्वासार्ह ठरल्याखेरीज त्याने दाखवलेले काहीही स्वयंसेवकाला सांगायचे नाही. तो नियम लिहिणाऱ्यांत वत्सलाबाई स्वतः होत्या.

"समितीने दाहिका अपात्र ठरवली, तर हा ठिपकाही अपात्र," इंगवले हळू आवाजात म्हणाले. "चार वाजता त्यांची गाडी सुटेल. सातव्या क्रमांकाची बाई कोण, हे मला विचारता येणार नाही, तुम्हालाही नाही. ताई, मलाही हे आवडत नाही."

"तीन वाजेपर्यंत अहवाल पाठवू नका," एवढेच म्हणून वत्सलाबाई उठल्या.

कोठे जायचे हे त्यांनी ठरवले नव्हते. आपल्या हातून घडलेली गोष्ट मोडकी निघाली असेल तर ते सोसण्याची तयारी त्यांनी नऊ वर्षांत सोळा वेळा केली होती. आज मनाला टोचत होते ते वेगळेच. द्रव्य खरे असूनही खोटे ठरले, तर एक अनोळखी बाई चार वाजता गाडीत बसणार होती.

खाली भोजनगृहात बाराजणींची जेवणे उरकली होती. शरीरातले द्रव्य निवेपर्यंत दुपारभर त्यांना तेथेच थांबायचे होते. भाकरीऐवजी चपाती का दिली यावरून वाद चालला होता. वत्सलाबाईंना पाहून आक्काताईंनी बाकावर जागा करून दिली.

"बसा, डाक्टरीणबाई. तोंड का उतरलंय? आमच्यात दिवा लागला न्हाई व्हय?"

"लागला, आक्काताई. नको तितका लागला."

"मग झालं की!" असे म्हणून आक्काताईंनी कमरेच्या पिशवीतून एक लहानशी डबी काढली, डाव्या तळहातावर काळी भुकटी घेतली, उजव्या हाताच्या तर्जनीने ती दातांवर सावकाश फिरवू लागल्या. डबी पुढे सरकली. दुसरीने चिमूट घेतली, मग तिसरीने. साऱ्या दालनात एक कडवट, भाजका वास पसरला.

वत्सलाबाई त्या वासाने जागच्या जागी थबकल्या.

"आक्काताई, हे काय लावता?"

"मिस्री. घ्या की चिमूटभर. घरची हाय, सोता तव्यावर भाजल्याली."

"भाजलेली तंबाखूच ना?"

"तंबाखूच. दुसऱ्या कशाची हुणार?"

"पण अर्जावर तुम्ही तंबाखू नाही असं लिहिलंत."

आक्काताईंना प्रश्नच कळला नाही. त्या प्रामाणिकपणे गोंधळल्या. "मग? तंबाखू कोन खातंय हितं? तंबाखू गडी खात्यात, चुना लावून. आमी दात घासतो, बाई."

"दिवसातून किती वेळा?"

"आक्काचं दात घासणं," पलीकडून प्रणाली म्हणाली, "सकाळी सुरू हुतंय ते दिवेलागणीला संपतंय!"

"तू लई शाणी! तुझ्या सासूनं बाळंतपणात तुला लावाय शिकवली, ती काय कमी घासतीस? मणी निवडताना गालात धरून बसतीस निस्ती."

पुन्हा हशा झाला. वत्सलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची आई उभी राहिली होती. हुपरीच्या घरी चांदीची घुंगरे झाळ देऊन जोडणारी, ओच्यात कायम मिश्रीची डबी बाळगणारी आणि कोणी विचारले तर तंबाखूला हातही लावत नाही असे शपथेवर सांगणारी आई. अर्जावरचा तो प्रश्न वत्सलाबाईंनीच लिहिला होता. तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट: चारही शब्द लिहिले आणि पाचवा, जो त्यांच्या स्वतःच्या घरात वाढला होता, तोच लिहायचा राहिला. शिक्षणाने जिभेवरून पुसून टाकलेला एक शब्द.

पण हे कळल्याने काही सिद्ध होत नव्हते. बारापैकी कोण मिश्री लावते आणि कोण नाही, हे चित्रांशी जुळायला हवे होते. आणि तेही असे, की जुळवणाऱ्याला चित्रे ठाऊक असू नयेत आणि चित्रे पाहणाऱ्याला नावे. वत्सलाबाईंना चित्रे ठाऊक होती. रुबीनाला नावे आणि क्रमांक ठाऊक होते, पण तिने एकही चित्र पाहिले नव्हते.

"रुबीना," त्यांनी तिला बाजूला घेतले, "एकेकीशी निवांत बोल. मिश्री लावतात का, किती वर्षं, कोणत्या गालात धरतात, सगळं विचार. क्रमांकापुढे लिही. पाकिटात घालून मोहोर लाव. मला दाखवू नकोस, काय लिहिलं तेही सांगू नकोस."

"मॅडम, तुम्हालाही नाही?"

"मला तर मुळीच नाही."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी बंद पाकीट इंगवल्यांच्या मेजावर आले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. "ताई, हे जुळलं नाही तर? समितीसमोर उघडलं की परत बंद करता येणार नाही. आज नुसतं अपात्र म्हणतील. न जुळल्यास सतरावा रेणू कायमचा गेला म्हणून समजा."

"जाऊ दे. खोटा दिवा असेल तर तो मीच विझवलेला बरा."

समितीचे तीन सदस्य भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रकट झाले. अध्यक्षा प्रा. शरयू नाडगौडा वृद्ध होत्या, निवृत्त होत्या, आणि बोलण्यात कोणाचीही भीड ठेवीत नसत. त्यांनी इंगवल्यांचे सारे ऐकून घेतले, परीक्षकाचा निर्णय दोनदा वाचला, आणि मग वत्सलाबाईंकडे पाहिले.

"मिश्री? मला वाटलं होतं ती आता संपली."

"मलाही तसंच वाटलं होतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "आम्ही विचारायचं थांबवलं, म्हणून ती संपली असं आम्हाला वाटलं."

"बरं. बाराही चित्रं लावा. इंगवले, पाकीट तुम्ही फोडा. एकेक क्रमांक वाचा, सावकाश."

मोहोर तुटली. इंगवल्यांचा आवाज प्रथम कोरडा येत होता.

"क्रमांक एक. बावीस वर्षं. उजवा गाल."

पडद्यावर पहिल्या देहाची उजवी हिरडी ठळक होती, डावी फिकी.

"क्रमांक दोन. नऊ वर्षं. उजवा गाल." जुळले. "क्रमांक तीन. कधीच नाही, दमा आहे म्हणून आईने लावू दिली नाही." तिसरीचे मुख अंधारलेले. "क्रमांक चार. गालात धरत नाही, फक्त पुढच्या दातांना." चौथीच्या जबड्यावर प्रकाश होता तो नेमका समोर, ओठांमागे, दाढांपाशी काही नव्हते. एका सदस्याच्या तोंडून नकळत उद्गार निघाला. "पाच, डावा गाल. सहा, उजवा. सात, पाच वर्षं, उजवा." सारे जुळत चालले होते. आठ, नऊ, दहा. इंगवल्यांच्या आवाजात आता ओल आली होती.

"क्रमांक अकरा," त्यांनी वाचले आणि ते थांबले. "तीस वर्षं. दोन्ही गाल."

अकराव्या चित्रात मुख अंधारात होते.

वत्सलाबाईंनी मेजाची कड घट्ट धरली. तीस वर्षे लावलेली मिश्री आणि अंधार: हे त्यांच्या म्हणण्याच्या अगदी उलट होते.

"पुढे आहे काही?" नाडगौडाबाईंनी विचारले.

इंगवल्यांनी कागद उलटला. "मागच्या बाजूला लिहिलं आहे. 'आठ महिन्यांपूर्वी सोडली. नात तोंडाला वास येतो म्हणाली.'"

नाडगौडाबाई पडद्याच्या पलीकडे किंचित पुढे सरकल्या. "अकरावं चित्र उजळवा. आणखी. परीक्षकाची मर्यादा काढून टाका, मला माझ्या डोळ्यांनी पाहू द्या. आणखी उजळवा."

काळोख हळूहळू विरळ झाला. आणि दोन्ही बाजूंच्या हिरड्यांवर, विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाची, अतिशय क्षीण पण अखंड अशी एक रेघ दिसू लागली. परीक्षकाने जिला शून्यात जमा धरले होते ती. आठ महिने निवत चाललेला दाह.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण बाराव्या क्रमांकाची ओळ वाचून झाली तेव्हा इंगवल्यांना चष्मा काढावा लागला.

"वत्सला," अध्यक्षा पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या, "तुझं द्रव्य खोटं बोलत नाही. त्याने तुझा अर्ज तपासला आणि नापास केला. दाहिका पात्र आहे, असं माझं मत मी नोंदवते." इतर दोघांनी होकार दिला. "आणि तो सातव्या हृदयातला ठिपका. आता त्याचं काय करायचं हे मी तुला सांगायला हवं?"

परीक्षकाला दुरुस्त माहिती दिली गेली. त्याने क्षणात आपला निर्णय बदलला आणि सातव्या क्रमांकापुढे तातडीची खूण केली. वत्सलाबाईंना त्याच्यावर राग नव्हता. त्याला जे सांगितले गेले त्यावरून त्याने चोख अनुमान काढले होते. त्या जिना उतरल्या तेव्हा चार वाजायला सात मिनिटे होती.

गाडी सुरू झाली होती. रुबीनाने प्रणालीला खाली उतरवून घेतले, आणि तिच्या मागोमाग, कोणी न बोलावता, आक्काताईही उतरल्या.

"प्रणाली, तुझ्या हृदयाच्या एका झडपेवर आम्हाला दाह दिसला आहे," वत्सलाबाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "जंतू बसले असावेत. हिरडीला जखम असली की तिथून ते रक्तात उतरतात. मला दिसलं ते खरं आहे असं मी मानते. पण पक्कं रक्तच सांगेल. त्यासाठी तीन दिवस राहावं लागेल."

"मला काय बी झाल्यालं न्हाई, बाई," प्रणाली म्हणाली. "सोमवारी शेड सुरू हुतंय. आनि ल्योक हाय घरात, त्याचं कोन बघंल?"

"काहीच होत नाही? नीट आठवून सांग."

प्रणालीने आक्काताईंकडे पाहिले, मग जमिनीकडे. "सांजच्याला जरा कसकस येती. महिना झाला. घाम येतोय. म्हटलं, कामानं असंल."

"महिना झाला, आनि मला बोलली न्हाईस?" आक्काताई कडाडल्या. "फारमावर मीच सगळ्यास्नी सांगितलं हुतं, 'न्हाई न्हाई' म्हणून भरा, न्हाईतर परत घालवत्याल! आता रहायचं. शेड मी बघते, तुझं पोरगं मी बघते. डाक्टरीणबाई, हिला बांधून घाला."

"बांधायला नको," वत्सलाबाई प्रणालीकडे पाहत म्हणाल्या. "तिने हो म्हणायला हवं."

प्रणालीने मान वर करून गाडीकडे पाहिले. गाडीच्या खिडक्यांतून दहा चेहरे तिच्याकडे पाहत होते. "मला समदं कळलं पायजे, बाई," अखेर ती म्हणाली, "मला आत काय हाय ते दाखवा. मग राहते."

त्यांनी तिला चित्र दाखवले. स्वतःच्या काळ्या-निळ्या देहात पेटलेला तो मोहरीएवढा कण ती एकटक पाहत राहिली. भ्याली असावी, पण मग तिने आपणहून दंड पुढे केला.

तिसऱ्या दिवशी रक्ताच्या तिन्ही कुप्यांत एकच जंतू वाढला. एरवी तोंडात निरुपद्रवीपणे राहणारा, पण हृदयात पोहोचला तर प्राण घेणारा. झडप अजून शाबूत होती. सहा आठवडे शिरेतून औषध गेले. शल्यविशारदाला हात लावावा लागला नाही. सातव्या आठवड्यात प्रणाली पुन्हा सर्वांगदर्शकाखाली झोपली. या खेपेस द्रव्य निवल्यावर वाचनकक्षात तीही वत्सलाबाईंच्या शेजारी बसली होती, मांडीवर आपल्या मुलाला घेऊन. हृदयाच्या जागी गाढ, निर्मळ अंधार होता. इतका सुंदर अंधार वत्सलाबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्याच महिन्यात दाहिकेच्या दुसऱ्या परीक्षेला अनुज्ञा मिळाली. नव्या अर्जावर पाचवा शब्द लिहिला गेला, आणि तो अर्ज प्रथम वाचून दाखवला गेला तो आक्काताईंना. त्यांनी आणखी चार शब्द सुचवले, त्यांतले दोन छापण्याजोगे होते. मिश्री सुटली का, असे विचारता त्या म्हणाल्या, "दिसाला सातावरनं तिनावर आलीया. चित्र काढून बघा की, मी कशाला खोटं बोलू?"

आता सांगलीपासून सोलापूरपर्यंत जिथे जिथे कपाटाएवढे सायक्लोट्रॉन आहेत, तिथे दाहिका जाऊ लागली आहे. कोणी सांध्यांत पाहते, कोणी फुप्फुसांत, कोणी मेंदूत. जे आजवर 'मला काही नाही' या सहा अक्षरी उत्तरामागे निमूटपणे सोसले गेले, ते आता दिसेल. उद्या प्रत्येक धडधाकट माणसाला आपल्या आत असे पाहता येईल, तेव्हा किती जण प्रणालीसारखे म्हणतील, की मला दाखवा, मग मी राहते? आणि दाखवणारे, त्या दिवशी मोहोरबंद पाकिटासमोर उभे होते तितके नम्र राहतील काय?

ते काळच ठरवील. आपल्याला काही झालेले नाही अशा श्रद्धेने, केवळ परक्यांच्या भल्यासाठी ज्यांनी सुईपुढे हात केला, त्या बाराजणींना उदंड आयुष्य लाभो. ज्यांनी पाहिले त्यांची दृष्टी निर्मळ राहो, आणि ज्यांना सांगितले गेले त्यांची मने निर्भय होवोत.